सज्जावर जाताना

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुला सज्जा, म्हणजे तलाठी म्हणून सांभाळायची गावं, मिळाल्याचं कळलं, फार बरं वाटलं. कागदोपत्री आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गाव तुला तलाठीच म्हणणार. मंडळ अधिकारी असताना मला निजामी जमान्यातली माणसं शेवटपर्यंत गिरदावरच म्हणत होती. नियम-कायदे तुला प्रशिक्षणात शिकवतील. मी लिहितोय ते गावात वागण्याबद्दल. परवा फोनवर तू हसून म्हणालीस ना, आता सगळं ऑनलाइन झालंय काका, या जुन्या रीतीभाती कशाला?

ऑनलाइन झालंय म्हणूनच. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मोबाइलवर निघतो, पीकपेरा शेतकरी स्वतः नोंदवतो. ज्याचं काम सरळ आहे तो तुझ्याकडे येणारच नाही. येईल तो अडलेला. बापाच्या मागे वारसाची नोंद राहिलेली, फेरफारावर, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावाच्या बदलावर, सख्ख्या भावाने हरकत घेतलेली, गारपिटीच्या पंचनाम्यातून नाव सुटलेलं. काय बोलायचं ते तो घरून मनात घोकून येतो आणि टेबलासमोर उभं ठेवलं की निम्मं विसरतो. म्हणून आधी ‘बसा मामा’, मग कागद. म्हातारा माणूस टेकला की पिशवीची गाठ सोडतो, आणि पिशवीतून कधी कधी १९५४ च्या खासरा पत्रकाची, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीची, पिवळी पडलेली नक्कल निघते. अख्खा वाद तिथेच मिटतो. अरे-तुरे कुणालाच करायचं नाही, कोतवालालाही नाही. तो वयाने मोठा असला तर अजिबातच नाही.

कुणाच्या घरी गेलीस तर पायरीपाशी थांबून आवाज द्यावा, चपला बाहेर काढाव्यात. पाण्याचा तांब्या पुढे आला की तहान नसली तरी दोन घोट घ्यावेत. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हाही आमच्या भागात दारी आलेल्याला कुणी कोरडं जाऊ दिलं नाही. अशा मुलखात ‘नको, बाटली आहे माझ्याकडे’ म्हणणं किती लागतं, ते तुला पहिल्याच उन्हाळ्यात कळेल.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मी म्हणत नाही. चावडीवर कोणी बसायचं आणि कोणी खाली उभं राहायचं, चहाचा कुणाचा कप वेगळा ठेवायचा, यालाही रीतच म्हणत होते. ती मोडायची, आणि सगळ्यांच्या देखत मोडायची. वस्तीवर गेलीस तर आधी तिथला चहा घे, मग पाटलाच्या वाड्यावरचा. नरसीच्या नामदेवांच्या आणि गंगाखेडच्या जनाबाईंच्या या मुलखात वारकरी आपल्याहून लहानाच्याही पाया पडतो. धरून ठेवायची रीत ती.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आपल्याकडे वर्षातून कधी ना कधी अशा घरी जावंच लागतं जिथे शेतकऱ्याने जीव दिलेला असतो. जबाब घ्यावे लागतात. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सावकाराचं, नापिकी किती वर्षांची, सगळं विचारावं लागतं, कारण लाखाची मदत त्यावर ठरते. तिथे खुर्ची पुढे केली तरी घ्यायची नाही, सतरंजीवर बसायचं. मोबाइल पिशवीत. पहिला थोडा वेळ काहीही विचारायचं नाही. फाइल उघडायची ती घरातलं कुणीतरी मोठं माणूस ‘विचारा ताई’ म्हणाल्यावर. ‘पात्र’, ‘अपात्र’ हे शब्द त्या घरात काढायचे नाहीत, ते समिती ठरवते, आणि ‘होऊन जाईल’ असा खोटा दिलासाही द्यायचा नाही. कुठला कागद कमी आहे तेवढं स्पष्ट सांगायचं. आम्ही पुरुष माणसं ओसरीवरूनच परत यायचो, सगळी उत्तरं दीर नाहीतर सासरा द्यायचा. तुला आतल्या खोलीत जाता येईल. गेलेल्याच्या बायकोजवळ बस. तिच्या नावाचं बँकेत खातं आहे का, हे तिलाच विचार. निघताना ‘येते’ म्हणून निरोप घ्यायचा नसतो, मुकाट्याने उठायचं.

बाकी गोष्टी किरकोळ आहेत, सवयीने येतील. लग्नाची पत्रिका आली तर अक्षतांना उभं राहावं आणि साध्या पंगतीत बसावं, पुढाऱ्यांच्या टेबलाकडे वळू नये. हरिनाम सप्ताहात डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतलीस तर बायका लगेच जवळ सरकून जागा करतील.

आणि एक. पौषात हुरड्याला बोलावतील. अवश्य जा. आगटीपाशी बसून गरम हुरडा तिळाच्या चटणीबरोबर पोटभर खा, शेताचं कौतुक कर. तू निघताना कुणीतरी ज्वारीचं कट्टं गाडीत ठेवायला लागेल, कदाचित ज्याचा फेरफार तुझ्याकडे पडलेला आहे तोच. रागावायचं नाही, चारचौघांत त्याला नियमही ऐकवायचे नाहीत. हात जोडून म्हणायचं, ‘दादा, घरात एकटीच आहे, एवढं कोण खाणार?’ आणि कट्टं उतरेपर्यंत गाडी सुरू करायची नाही.

तुझा,
काका