बाबांच्या पीसीवर विंडोज ७ चा लोगो येतो, मग निळी स्क्रीन आणि माउसचा बाण दिसतो, पण पासवर्डची चौकटच दिसत नाही. काय करावं?

बाबांचा पीसी फॉरमॅट करायची घाई अजिबात करू नका, त्यातले फोटो परत मिळणार नाहीत.

लोगोनंतर निळी स्क्रीन आणि माउसचा बाण दिसतोय, म्हणजे रॅम आणि डिस्क बहुधा ठीक आहेत. आधी मागच्या बाजूला बघा, टीव्हीची एचडीएमआय वायर लावलेली आहे का? आमच्या विक्रोळीच्या घरी नेमकं हेच झालं होतं. पासवर्डची चौकट जात होती बंद असलेल्या टीव्हीवर आणि मॉनिटरवर नुसतं निळं. दोन दिवस डोकं धरून बसलो होतो. वायर काढून पीसी रीस्टार्ट केला, चौकट हजर!

तसं नसेल तर पीसी चालू होताना, लोगो यायच्या आधी, एफ८ दाबत राहा आणि सेफ मोड (यात विंडोज फक्त गरजेपुरतं चालू होतं) निवडा. तिथे चौकट आली तर बहुतेक वेळा ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर) बिघडलेला असतो. तो काढून परत टाका.

तारीख-वेळ दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरची (पीसीच्या आतल्या मुख्य सर्किटवरची) सीआर२०३२ ही नाण्यासारखी गोल बॅटरीही बदला. त्यासाठी मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला जायची गरज नाही, नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळते.

आत शिरलात की सगळ्यात आधी फोटो पेनड्राइव्हवर घ्या.