जावयाच्या पिकअपला हिच घेताना

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई टेक्सासमध्ये असतात. त्यांच्याकडे हाफ-टन, म्हणजे तिकडच्या हलक्या वर्गातली पिकअप आहे, मागचा हौदा साडेपाच फुटी. आता सुट्टीत फिरायला त्यांनी राहण्याच्या सोयीचा फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे ज्याचं नाक पिकअपच्या हौद्यात टेकतं तो, बघितलाय. सामानासकट वजन १०,००० पौंड. जावई म्हणतात, २०,००० पौंडांची हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) बसवली की काळजी नाही. तुमचा जन्म ट्रेलरच्या कामात गेला, म्हणून विचारते. खरंच काळजी नाही ना?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, काळजी आहे. आणि ती हिचची नाही, गाडीची आहे.

आडगाव नाक्याजवळ मी २६ वर्षं ट्रेलरची कामं केली. पिंपळगाव-ओझरहून द्राक्षांचे रीफर (थंड ठेवणारे) कंटेनर जेएनपीटी बंदरात नेणारे घोडे, म्हणजे ट्रेलर ओढणारे ट्रक, माझ्याकडे यायचे. घोड्याच्या पाठीवर ग्रीस माखलेली, मागून खाच असलेली जी ताटली असते, आपण जिला टर्नटेबल म्हणतो, तिचंच धाकटं रूप म्हणजे ही हिच. ट्रेलरच्या नाकाखालची, तिच्यात अडकणारी किंगपिनही तीच, २ इंची.

जावयांना म्हणावं, आधी ड्रायव्हरचं दार उघडा. तिथल्या खांबावर एक स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालेल ते सांगणारं. हाफ-टन गाडीत तो आकडा बहुधा १,५०० ते २,००० च्या घरात असतो. आता हिशेब करा. फिफ्थ व्हीलमध्ये ट्रेलरच्या वजनाचा १५ ते २५ टक्के भार किंगपिनवरून थेट हौद्यात उतरतो. २० टक्के धरले तरी २,००० पौंड, म्हणजे जवळपास ९०० किलो. हिचचं स्वतःचं वजन दीडशे-दोनशे पौंड. वर जावई, मुलगी, नातवंडं, त्यांच्या बॅगा. ही बेरीज स्टिकरच्या बाहेर जाते. हिचवरचे २०,००० हे हिच किती सोसेल ते सांगतात. त्याने गाडीचे पाटे आणि टायर जाड होत नाहीत. त्यामुळे एकतर मोठी पिकअप, नाहीतर गाडीच्या मागच्या टोकाला लावलेल्या बॉलवर (लोखंडी गोळ्यावर) ओढायचा हलका ट्रेलर. त्यात गाडीवर १० ते १५ टक्केच भार येतो.

मोठी पिकअप घेतलीच, तर हौदा ८ फुटी बघा. मग साधी, न सरकणारी हिच पुरते. ट्रेलरची रुंदी बहुतेक वेळा साडेआठ फूट, म्हणजे निम्मी ५१ इंच. पिनपासून केबिनपर्यंत त्याहून तीन-चार इंच जास्त जागा नसेल, तर काटकोनात वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनची मागची काच फोडतो. आखूड हौद्याला म्हणून, वळताना पिन मागे नेणारी सरकती हिच लागते. हाताने सरकवायची असेल तर दर वेळी खाली उतरून खिटी काढावी लागते. आपोआप सरकणारी महाग आणि जड, पण रिव्हर्सची सवय नसलेल्याला मी तीच सांगेन.

हिचचा जबडा मात्र पिनला दोन्ही बाजूंनी कवटाळणारा घ्या. यावर मी अडून बसेन, त्याला कारण आहे. एका पॅकहाउसच्या आवारात पहाटे भरलेला रीफर जोडला होता. ट्रेलरचं नाक टेकूच्या पायांवर दोन बोटं जास्त वर उचललेलं, त्यामुळे पिन जबड्यात न बसता त्याच्या वरच टेकली. जबडा बंद करणारा दांडा मात्र बंद दिसत होता. ड्रायव्हरने पाय गुंडाळले, घोडा पुढे घेतला आणि ट्रेलरचं नाक धाडकन चौकटीवर आदळलं. आवाज ऐकून सगळे धावले. कुणाला लागलं नाही, पण मधे हवेच्या नळ्या जोडणारा क्लीनर एक पाऊल पुढे असता तर? त्या दिवसापासून मी दांड्यावर विश्वास ठेवत नाही. बॅटरी घेऊन वाकून जबडा बघतो.

जावयांनीही तेच करावं : आधी ताटली आणि ट्रेलरची पाटी यांत फट नाही ना ते बघायचं. मग ट्रेलरचे पाय जमिनीवरच ठेवून, ट्रेलरचे ब्रेक लावून, गाडी हळूच पुढे ओढायची. सुटायची असेल तर तिथेच सुटेल. आणि ट्रेलर निसटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी जी तार असते, ती हिचला नाही, गाडीच्या चौकटीला अडकवायची. हिचच उखडून गेली तर तिला बांधलेल्या तारेचा काय उपयोग?

स्टिकरचा फोटो मागवून घ्या, ताई, आणि ट्रेलरचे पैसे भरायच्या आधी मला दाखवा.