एक्सल बदलायच्या आधी आवाज ऐक

अरे भावा, मेकॅनिक "एक्सल गेला" बोलला म्हणून लगेच खिशात हात घालू नकोस. एक्सल म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा. एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये जा, काच खाली कर, स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण कापून हळूहळू गोल फिरव, मग दुसऱ्या बाजूला. कट कट कट आवाज आला तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे एक्सलच्या चाकाकडच्या टोकाचा वळणारा सांधा, गेलाय, मग नवीन ग्रीस भरून काही उपयोग नाही कारण आतल्या गोळ्या ज्या खाचांतून फिरतात त्या खाचाच झिजलेल्या असतात. जॉइंट बदलायचाच.

पण आवाज नाही, नुसता जॉइंटवरचा रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत ठेवणारं कव्हर, फाटलाय आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालंय, तर बूट, क्लॅम्प आणि ग्रीस बदलून भागतं. ग्रीस मॉलिब्डेनमवालंच, साधं नको. फक्त आधी जुनं ग्रीस बोटांत चोळून बघ, वाळूसारखं करकरलं तर विषय संपला, जॉइंटच बदल. जुलैत सबवेच्या पाण्यातून गाडी काढली असशील तर हमखास करकरणार! मी एकदा फाटक्या बूटवर अख्खा पावसाळा काढला, गणपतीपर्यंत जॉइंट वाजायला लागला.

स्पीड घेताना गाडी थरथरते तर गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंटही चेक करायला सांग, टायर बॅलन्सिंग करून झाल्यावर. मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर, जुन्या पार्ट्सच्या दुकानांत, वापरलेला एक्सल बघायला गेलास तर जॉइंट हाताने हलवून बघ, ढिला वाटला तर तिथेच ठेव. आणि एक्सल बाहेर आलाच आहे तर गिअरबॉक्सचं ऑइल सील पण नवीन टाकून घे, स्वस्तात होतं.