जत्रा, यात्रा की उरूस? कोल्हापुरात नेमकं काय म्हणायचं

प्रश्न असा आलाय: नोकरीनिमित्त कोल्हापुरात आलेल्या एकांनी विचारलंय की पेपरात 'त्र्यंबोली यात्रा' असं छापून येतं, तिलाच ऑफिसातली माणसं 'टेंबलाईची जत्रा' म्हणतात, आणि गावाकडच्या एका सहकाऱ्यानं भैरोबाच्या 'उरुसाला' जेवायला बोलावलं. मग जत्रा हा यात्राचा अशुद्ध उच्चार आहे का, आणि देवळातल्या देवाचा उरूस कसा काय?

जत्रा अशुद्ध अजिबात नाही, हे आधी सांगतो, कारण हा गैरसमज शाळेपासून डोक्यात बसलेला असतो. मूळ शब्द यात्रा, 'या' म्हणजे जाणे या धातूवरून आलेला. प्राकृतात शब्दाच्या सुरुवातीच्या य चा ज होतो, त्यामुळं यात्राचं जत्ता झालं आणि मराठीत जत्रा. याच वाटेनं योगीचा जोगी झाला, यज्ञोपवीताचं जानवं झालं आणि यंत्राचं जातं झालं, आता जातं अशुद्ध आहे असं कोण म्हणतं का? मला गंमत वाटते ती पुढच्या 'त्र' ची. क्षेत्राचं शेत झालं, सूत्राचं सूत झालं, म्हणजे इथंही नुसता त राहायला हवा होता, पण तो त्र टिकला. माझ्या मते त्याचं कारण असं की यात्रा हा शब्द कायम शेजारीच वावरत होता, कीर्तनात पोथीत सतत कानावर पडत होता, त्यामुळं जत्रा त्याच्यापासून पूर्ण तुटली नाही.

पण एकाच मुळातून दोन शब्द निघाले की भाषा त्यांना वेगवेगळी कामं वाटून देते, आणि कोल्हापुरात ही वाटणी फार छान ऐकू येते. क्रियापदाकडं लक्ष द्या. यात्रेला आपण जातो. चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा, तिथं सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच सजवलेल्या काठ्या, घेऊन कुठकुठनं माणसं येतात, गुलालानं डोंगर न्हातो, चांगभलंचा गजर, ती यात्रा. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापुरातनं एसटी भरभरून कर्नाटकात सौंदत्तीच्या रेणुकेला जातात, तीही यात्रा. त्यात चालणं आहे, प्रवास आहे, म्हणूनच यात्रेकरू असतो, जत्रेकरू नसतो, आणि पदयात्रा शोभायात्रा हे शब्द तयार होतात, पदजत्रा कधी होत नाही.

जत्रा मात्र आपण करतो. "यंदा आमच्या गल्लीची जत्रा शुक्रवारी हाय, जेवायला या" हे वाक्य आषाढात कोल्हापुरात कुठंही ऐकायला मिळेल. पंचगंगेला नवं पाणी आलं की त्या पाण्याचे कलश डोक्यावर घेऊन, पी ढबाक या पारंपरिक वाद्याच्या तालावर वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर जायचं, पायरीवर पाणी वाहायचं आणि घरी येऊन पैपाहुण्यांना जेवू घालायचं. मंगळवार-शुक्रवारी गल्लीगल्लीतनं हे चाललेलं असतं. आता यातही लोक टेकडीपर्यंत जातातच की, म्हणजे यात्रा म्हणायला हरकत नाही, पण माणसांच्या मनात मुख्य गोष्ट आहे ती गल्लीनं मिळून करायची आणि दुसऱ्याला बोलवायची, म्हणून तोंडात जत्रा येते. पेपरवाल्यांना देवीचं नाव टेंबलाईचं त्र्यंबोली करावंसं वाटतं आणि त्याच ओघात जत्रेची यात्रा होते. दोन्ही बरोबर, पण मला विचाराल तर टेंबलाईची जत्रा यात जो जिवंतपणा आहे तो त्र्यंबोली यात्रेत नाही.

हे गणित सगळीकडं सारखं लागू होत नाही हेही खरं. ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील, भाकरी, वांग्याची भाजी, गाजर, कांद्याची पात असा नैवेद्य घेऊन बायका जातात ती आंबील यात्रा, तिला सगळे यात्राच म्हणतात, आणि कोकणात आंगणेवाडीला एवढी लांबनं माणसं येतात तरी ती जत्राच. दसऱ्याचं अजून वेगळं. दसरा चौकात शमीपूजनाला एवढी गर्दी होते, अंबाबाईची पालखी येते, सोनं लुटतात, पण त्याला ना कोणी जत्रा म्हणत ना यात्रा. तीच पालखी ललिता पंचमीला टेंबलाईवर जाते तेव्हा मात्र यात्रा भरते. मला यात एकच सूत्र दिसतं, दसरा हा सगळ्यांचा सण आहे, आणि जत्रा-यात्रा त्या त्या ठिकाणच्या देवाची असते.

आता उरूस. मूळ अरबी शब्द उर्स, अर्थ लग्न. सूफी संताचा मृत्यू म्हणजे त्याचं ईश्वराशी मिलन अशी कल्पना, म्हणून पुण्यतिथीच्या उत्सवाला उर्स. मराठीत दोन व्यंजनांच्या मध्ये ऊ घुसला, जसा हुक्मचा हुकूम झाला, जुल्मचा जुलूम झाला, मुल्कचा मुलूख झाला, तसा हा उरूस. कागलच्या गैबी पिराचा उरूस, मिरजेचा मीरासाहेबांचा उरूस हे मूळ अर्थाला धरून आहेत. पण आपल्याकडं पिराला नवस बोलणारी आणि भैरोबाला नारळ फोडणारी माणसं तीच असल्यामुळं शब्द इकडनं तिकडं सहज गेला, आणि भैरोबाचा, मारुतीचा, लक्ष्मीचासुद्धा उरूस भरायला लागला. ज्या भागात कुरुंदवाडसारख्या गावी मशिदीत गणपती बसतो, आणि कोल्हापूरच्या कितीतरी तालमींत मोहरमचे पंजेही बसतात आणि गणपतीही, तिथं यात आश्चर्य वाटायचं कारण नाही. 2018 ते 2020 सलग मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले तेव्हा काही ठिकाणी दोन्ही एकाच मांडवात होते. उरूस परका म्हणून तो काढून तिथं 'यात्रा महोत्सव' असं फलकावर लिहिण्याची हौस हल्ली दिसते, ती मला मनापासून खटकते. पिढ्यान्पिढ्या आपल्या देवाला लावलेला शब्द आपलाच असतो.

जाता जाता दोन शब्द अजून, कारण ते तुमच्या कानावर येणारच. काही गावांत याच जेवणावळीच्या जत्रेला म्हाई म्हणतात. आणि माघात रविवारी पहाटे चालत जोतिबाला जातात त्याला खेटे, 'खेटे घालणे' म्हणजे फेऱ्या मारणे, कचेरीचे खेटे घातले म्हणतो तोच हा शब्द, फक्त इथं तो आनंदानं घालतात.

तेव्हा अर्जात, बातमीत यात्रा लिहा, चालतंय. बोलताना समोरचा जो शब्द वापरेल तो घ्या. आणि त्या सहकाऱ्यानं उरुसाला बोलावलंय तर नक्की जा, गावाकडच्या उरुसात बोलावलेला पाहुणा आला नाही तर ते त्यांना खरंच लागतं.