गरम क्रॅब डिपला पाणी सुटतं, काय करावं?

शनिवारी पंधराजण येणार, मेरीलँड (अमेरिकेतलं राज्य) स्टाइल क्रॅब डिप, म्हणजे चीज घालून भाजलेलं खेकड्याचं डिप करायचंय आणि मागच्या वेळी ओव्हनमधून काढल्यावर कडेने पाणी सुटलं, असं लिहिलंय तुम्ही. हे पाणी बहुतेक वेळा खेकड्यातूनच येतं. खेकड्याच्या मांसाचा डबा उघडला की मांस चाळणीत काढा, अर्धा तास फ्रीजमध्ये निथळू द्या आणि मग पेपर टॉवेलवर पसरून हलक्या हाताने टिपून घ्या, पिळू मात्र नका. त्याच वेळी बोटांनी चाचपून कवचाचे बारीक तुकडे काढून टाका, डब्यावर काहीही लिहिलेलं असो, एखाददुसरा सापडतोच आणि पाहुण्याच्या दाताखाली आला तर सगळी मजा जाते. दुसरं कारण म्हणजे लो फॅट क्रीम चीज, ते गरम झालं की फुटतं, इथे फुल फॅटच हवं.

जंबो लम्प, म्हणजे मांसाचे मोठे अखंड तुकडे, घेऊन पैसे घालवू नका, ते क्रॅब केकसाठी ठेवा. डिपमध्ये बॅकफिन (अंगाच्या मांसाचे लहान तुकडे) आणि क्लॉ (नांगीचं मांस) अर्धंअर्धं छान लागतं, क्लॉचं मांस जरा काळपट असतं पण चव तिथेच जास्त असते आणि ते स्वस्तही पडतं. इमिटेशन क्रॅब मात्र नको, ते मुळात पोलॉकसारख्या माशाचं असतं, गोडसर लागतं.

प्रमाण सांगते, बाकी स्टार्टर्स असतील तर पंधराजणांना पुरेल. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम खेकडा, क्रीम चीजची एक वडी (२२६ ग्रॅम), पाव कप मेयो, पाव कप सावर क्रीम, एक कप किसलेलं शार्प चेडर चीज, दीड चमचा ओल्ड बे (तयार मसाला), एक चमचा वूस्टरशायर सॉस, अर्धा चमचा मोहरीची पूड, दोन चमचे लिंबाचा रस. क्रीम चीज तासभर आधी बाहेर काढा, थंड असेल तर गुठळ्या राहतात आणि मग त्या मोडेपर्यंत घोटत बसावं लागतं. खेकडा आणि अर्धं चेडर सोडून सगळं एकजीव करा, मग खेकडा घालून चमच्याने खालून वर असं दोनचार वेळाच हलवा, तुकडे दिसले पाहिजेत, खाणाऱ्याला कळलं पाहिजे आपण खेकडा खातोय. उरलेलं चेडर वरून. मीठ अजिबात नको, ओल्ड बेमध्ये सेलरी सॉल्ट असतं आणि चीजही खारट. आणि कृपा करून आलं-लसूण, गरम मसाला घालू नका! आपल्या चिंबोरीच्या रश्श्यात तो शोभतो, मेरीलँडजवळच्या चेसापीक उपसागरातल्या ब्लू क्रॅबची नाजूक गोडी त्यात बुडून जाते. हा ओल्ड बे मसाला मेरीलँडमधल्या बाल्टिमोर शहराचाच, जर्मनीतून जीव वाचवून आलेल्या गुस्ताव ब्रुन यांनी १९३९ मध्ये काढलेला, त्यात तिखट, मिरी सगळं आहेच की.

३५० फॅरनहाइटला २०-२५ मिनिटं, कडेने बुडबुडे आले आणि वर सोनेरी डाग पडले की झालं. आदल्या रात्री मिसळून, झाकून फ्रीजमध्ये ठेवलं तरी चालतं, फक्त भाजायला पाच-दहा मिनिटं जास्त द्या. सोबत भाजलेला बगेट, साधे क्रॅकर्स आणि सेलरीच्या कांड्या. टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, पार्टी लांबणार असेल तर दोन लहान भांड्यांत करा आणि दुसरं नंतर भाजा. पाहुण्यांना शेलफिशची अ‍ॅलर्जी आहे का ते आधीच विचारा, डिपचा चमचा वेगळा ठेवा. शाकाहारी मंडळींसाठी पालकाचं डिप करणार असाल तर त्यात वूस्टरशायर नको, त्यात बहुधा अँचोव्ही मासा असतो.