आधी टप उघडून दाखवा, मग भाव बोला

प्रश्न : माझ्याकडे २०११ ची बीएमडब्ल्यू झेड-फोर २३आय आहे, दोन सीटवाली, टप बटणावर उघडतो. फर्स्ट ओनर, ४१ हजार किलोमीटर झालेत, सर्व्हिसचं एकेक बिल फाईलला लावलंय. गुडघ्यांमुळे आता इतक्या खाली बसून उठणं जमत नाही म्हणून विकायचीय. जुन्या गाड्यांचे एक डीलर येऊन गेले, मीटर बघितलं आणि १२ लाख म्हणाले, वर पावसात ही कोण घेणार असंही ऐकवलं. देऊन टाकू का?
– एक वाचक, माहीम

उत्तर : नाही, आत्ता जूनमध्ये तर अजिबात नको. पावसात गिऱ्हाईक कमी असतं हे डीलरचं खरंय, पण म्हणूनच थांबायचं ना! टप उघडताच येत नसेल तर तुमची गाडी म्हणजे नुसती चौदा-पंधरा वर्षांची जुनी गाडी, आणि भावही तसाच लागणार. दसरा होऊ द्या, दिवाळी ते फेब्रुवारी हा खरा सीझन, तेव्हा सकाळी सहाला वरळी सी फेसला घेणाऱ्याला बाजूला बसवून एक चक्कर मारा, पुढचं बोलणं सोपं जातं.

अशी गाडी घेणारा आधी टप बघतो. तुमचा टप दोन भागांचा, अॅल्युमिनियमचा, साधारण २० सेकंदात घडी होऊन डिकीत जातो. पण डिकीतलं पार्टिशन खाली ओढून नीट बसवलेलं नसेल तर तो हलतच नाही आणि लोक घेणाऱ्यासमोर बटण दाबत बसतात, समोरच्याला वाटतं मोटर गेली. सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, तर उघडूच नका, घडी होताना टप आणि डिकीचं झाकण दोन्ही वर उचलले जातात, डोक्यावर पाण्याचा पाइप असेल तर झालंच. पावसाळाभर महिन्यातून एकदा उघडीप बघून टप उघडझाप करा. रबर बीडिंग समुद्राच्या हवेने कडक होतं, त्याला रबरसाठीचं सिलिकॉन ग्रीस हलक्या हाताने लावा. आणि पुढच्या काचेखालच्या जाळीत झाडाचा पाला साचतो तो हाताने काढा, तांब्याभर पाणी हळू ओतून बघा, ते गाडीखाली पडलं पाहिजे, आत मॅटवर नाही.

४१ हजार किलोमीटर ऐकून लोक खूश होतात, पण मला इथे टायरची काळजी वाटते. कमी चाललेल्या गाडीच्या टायरची नक्षी छान दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. तुमचे इतके जुने असतील तर स्वतःहून सांगा आणि भावात धरा, कारण ही गाडी रनफ्लॅट टायरवर येते, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, स्टेपनी नसतेच, त्यामुळे खर्च मोठा. तसंच तुमचं अडीच लिटरचं सहा सिलिंडर इंजिन दणकट आहे, पण त्याचा वॉटर पंप इलेक्ट्रिक आहे आणि वयानुसार तो जातो, बदलला असेल तर ते बिल फाईलमध्ये सगळ्यात वर लावा, जाणकार माणूस तेच आधी विचारेल. ऑइल कुठे पाझरत असेल तर पुसून लपवू नका हो, लिफ्टवर गाडी चढली की दिसतंच.

आता कागद. २०११ ची म्हणजे २०२६ मध्ये आरसीची १५ वर्षं भरतात, तारीख जवळ असेल तर आरटीओत रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी वाढवून घ्या, पर्यावरण कर भरा आणि मगच विका, नाहीतर त्याच मुद्द्यावर भाव पाडतील. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, पीयूसी, पेंडिंग ई-चलान हेही आधीच उरका. लोन होतं तर आरसीवरचं बँकेचं नाव काढायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. विक्रीच्या दिवशी गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडी राज्यातच राहणार असेल तर विकल्याचं १४ दिवसांत आरटीओला कळवणं हे तुमचं काम आहे, एजंटच्या भरवशावर सोडू नका. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की अपघाताच्या भरपाईत आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी कितीही हात फिरलेली असो. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय चावी देऊ नका, डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहा. इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट, तुमचा असतो, गाडीबरोबर जात नाही, कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, पुढच्या गाडीला उपयोगी पडेल, या वेळी जरा उंच सीटची घ्या.

आणि गाडी देताना ते डिकीतलं पार्टिशन कसं ओढायचं ते घेणाऱ्याच्या हातून दोनदा करून घ्या, नाहीतर पहिल्याच रविवारी त्याचा फोन येणार, टप उघडत नाही म्हणून.