शेततळ्यात दुप्पट मत्स्यबीज सोडलं तर मासेही दुप्पट का मिळत नाहीत?

कारण तळ्याची मर्यादा नगावर नाही, एकूण वजनावर असते, आणि ती बहुतेक वेळा पाण्यातला प्राणवायू ठरवतो. दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करतं. रात्री मासे, शेवाळ आणि तळाचा गाळ मिळून तोच संपवतात. त्यामुळे सूर्योदयाच्या आधी तो सर्वांत कमी असतो. लिटरला 3 मिलिग्रॅमच्या खाली गेला की कटला, रोहू पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. त्या दिवशी खाद्य बंद ठेवा आणि ताजं पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं सोडा. ओळीने ढगाळ दिवस आले तर हे हमखास होतं.

30 बाय 30 मीटरच्या, दीड-दोन मीटर पाण्याच्या तळ्यात कटला, रोहू, मृगळ मिळून 500 ते 700 बोटुकल्या (बोटाएवढी पिल्लं) पुरेत. हजार-दीड हजार सोडल्या तर सगळ्या मरतीलच असं नाही; पण वर्षात किलोच्या आसपास जाणारा मासा बराच लहान राहतो, आणि तसल्या मालाला बाजारात कोण विचारतो? प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात नैसर्गिक खाद्य कमी, तिथे आकडा खालचाच धरा.

एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावला तर मर्यादा वर सरकते, हे खरं. पण मग पुढची आडवी येते: विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून साठणारा, माशांना विषारी अमोनिया. त्याला पाणी बदलणं हा मुख्य उपाय, आणि एप्रिल-मेमध्ये नेमकं पाणीच नसतं.